साहेबरावांचा बिनफटीचा ड्रॉवर

साहेबराव हिवराळे यांनी तीन वर्षं खपून एक ड्रॉवर केला, आणि त्या ड्रॉवरनं त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं ॲडमिशन तीन दिवस अडकवून ठेवलं. आमच्या गारखेड्यात ही हकिकत आता सगळेच सांगतात, पण जो तो आपल्या सोयीनं. मी त्यांचा शेजारी, त्यांच्याच कंपनीत स्टोअरकीपर, आणि ड्रॉवरचं लाकूड कंपनीबाहेर आलं ते माझ्या सहीनं. त्यामुळं मला सोयीनं सांगता येत नाही.

वाळूजला आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. साहेबराव तिथं बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्टर आहेत. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेली वस्तू हातात घ्यायची, व्हर्नियरनं मोजायची आणि जमेल तेवढी लाल पेटीत टाकायची. लाल पेटी म्हणजे रिजेक्ट. हे काम ते इतक्या मन लावून करतात की कंपनी सुटल्यावरही त्यांना थांबता येत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसल्यावर त्यांनी जिलबी उचलून डोळ्यांसमोर धरली, शेजारच्या ताटातल्या जिलबीशी ताडून पाहिली आणि वाढप्याला सांगितलं, "लॉट एकसारखा नाय." वाढप्या बिचारा यजमानाला शोधत गेला.

असा माणूस लाकडाकडं वळला तो एका निरोपसमारंभामुळं. लेथवरचे एक जुने ऑपरेटर निवृत्त झाले. हार घालून झाला, नारळ देऊन झाला, आणि भाषणात ते म्हणाले, "साहेबरावांनी माझे हजारो पीस रिजेक्ट केले. त्यांनी बनवलेला एखादा पीस पाहायला मिळाला असता तर समाधानानं गेलो असतो." सगळे हसले. साहेबरावही हसले. पण त्यांनी समोसा खाल्ला नाही. घरी येताना बसमधून उतरताना म्हणाले, "गोकुळराव, आपण एक वस्तू बनवणार. अशी की मी स्वतः पास करीन."

लोखंडाचं काही बनवायचं तर मशीन हवं. लाकूड मात्र फुकट होतं. कंपनीत परदेशातून मशीनं येतात ती पाईनच्या पेट्यांतून, आणि त्या पेट्या फोडून आम्ही भंगारात टाकतो. साहेबरावांच्या पत्नी करुणावहिनी अंगणवाडी सेविका. त्यांनी एकच अट घातली, "अमृताची दहावी-बारावी तोंडावर आलीय. घरातला पैसा लाकडात जाणार नाय." साहेबरावांनी मान्य केलं. तेव्हा जे काही शिकायचं ते फुकट, नाहीतर फुकटासारखं, असं ठरलं.

पहिला मुक्काम शहरातल्या एका संस्थेच्या 'सुतारकाम परिचय वर्गा'त. सहा रविवार, फी नाममात्र, शेवटी प्रमाणपत्र. पहिल्या रविवारी दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचं भाषण. दुसऱ्या रविवारी पडद्यावर जगभरातल्या झाडांची चित्रं. तिसऱ्या रविवारी सुरक्षेची शपथ. चौथ्या रविवारी पटाशी प्रत्यक्ष दाखवण्यात आली. पाचव्या रविवारी वीस जणांत एक धार लावायचा दगड फिरला, आणि तो साहेबरावांपर्यंत आला तेव्हा चहा आला. सहाव्या रविवारी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'यशस्वीरीत्या पूर्ण' असं छापलं होतं आणि साहेबरावांनी ते लॅमिनेट करून घेतलं. रंध्याला अजून हात लागायचा होता.

रंधा त्यांनी घेतला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून. मी सोबत होतो म्हणून सांगतो. जुनी हत्यारं विकणाऱ्यापुढं उकिडवं बसून त्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं आणि अकरा रंधे एकामागून एक बाजूला केले. विकणारा शांत माणूस होता. बाराव्या रंध्याला तो म्हणाला, "चाचा, लकडी छीलना है या रंधे से निकाह करना है?" तो बारावा घेऊन आम्ही घरी आलो. त्याचं पातं पुढं कधी नीट बसलं नाही, पण मापात तो बरोबर होता.

आमच्यापासून दोन गल्ल्या पुढं मुनीरभाईंचं फर्निचरचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची शेड. मूळचे खुलताबादचे, बाप-आजापासून हाच धंदा. त्यांच्याकडं शिकायला फी नाही. अट एवढीच, की आल्यावर आधी भुसा झाडायचा, आणि महिनाभर फक्त धार लावायची. साहेबराव आठ संध्याकाळी गेले. आठही संध्याकाळी त्यांनी भुसा झाडला आणि धार लावली, आणि खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत ते जेवढं शिकले तेवढं पुढच्या तीन वर्षांत शिकले नाहीत. नवव्या संध्याकाळी मुनीरभाई एका कपाटाचा ड्रॉवर बसवत होते. त्यांनी फळीवरची एक जुनी लग्नपत्रिका घेतली, दुमडली, आणि ड्रॉवरच्या वरच्या फटीत सरकवून पाहिली. जाते का, अडते का, एवढंच.

साहेबरावांच्या अंगावर काटा आला. "हे काय मोजायचं साधन व्हय?"

"हौ. गर्मी में दोहरी पत्रिका, बारिश में इकहरी," मुनीरभाई म्हणाले. "इत्ती जगा नई छोडे तो लकडी फूलके अटकतीच."

"पण कोणती पत्रिका? जाड कागदाची का पातळ? कोणाच्या लग्नाची?"

"जिसकी शादी टिकी, उसकी."

शेडमधले सगळे हसले. साहेबरावांनी मात्र हा अपमान त्यांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीचा धरला. फट ठेवणं म्हणजे ढिलं काम, आणि ढिलं काम म्हणजे लाल पेटी. दहाव्या संध्याकाळी ते गेले नाहीत. मला म्हणाले, "माणूस कारागीर हाय, पण सिस्टीम नाय."

सिस्टीम त्यांना लवकरच सापडली. निवृत्त मेंटेनन्स मॅनेजर राजकुमार सरांनी आपल्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये 'काष्ठसाधना मंडळ' काढलं होतं. अकरा सभासद, सगळे वाळूजच्या कंपन्यांतले, निम्मे निवृत्त आणि निम्मे निवृत्तीची वाट पाहणारे. वर्गणी किरकोळ, हत्यारं सामाईक, म्हणून साहेबरावांना परवडलं. माझं अक्षर चांगलं असल्यामुळं मला चिटणीस केलं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली, खाली नावाची पाटी. करवतीच्या खाली 'करवत', हातोडीच्या खाली 'हातोडी', कोणी विसरू नये म्हणून. रंधा हवा असेल तर पावती फाडायची, परत करताना तेल पुसून सही घ्यायची. साहेबरावांनी आपला जाफर गेटचा रंधाही उदार मनानं मंडळाला दिला, आणि मग स्वतःच्याच रंध्यासाठी पावती फाडायला लागले. रविवारचे दोन तास असत. शपथ, मागच्या सभेचा वृत्तान्त, चहा, हत्यारांची मोजणी. मग कोणी लाकूड आणलं असेल तर वीसेक मिनिटं लाकूडकाम. तीन वर्षांत मंडळाकडून एक पाटसुद्धा तयार झाला नाही. वृत्तान्ताच्या वह्या मात्र सात भरल्या, आणि त्या सातही मी लिहिल्या, तेव्हा मी फार हसण्यात अर्थ नाही.

या अकरा जणांत खरोखर लाकूड आणायचे ते एकटे साहेबराव. त्यांनी ठरवलं होतं, एक पेटी, तिला एकच ड्रॉवर, आणि सगळ्यात मिळून एकही खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं खाचेत खाच अडकवून, फेविकॉलनं कायमचं बंद. एक बाजू तयार झाली की ते व्हर्नियर लावायचे आणि बहुतेक वेळा स्वतःच रिजेक्ट करायचे. रिजेक्ट झालेलं लाकूड घरी बंबात जायचं. करुणावहिनींनी तीन हिवाळे साहेबरावांच्या रिजेक्शनवर पाणी तापवलं. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यांनी पेटी पास नाय केली तरी चालतंय. आंघोळीला लई बरं पडतंय."

गेल्या मे महिन्यात पेटी पास झाली. ऊन बेचाळीसवर गेलेलं, उशीवर टेकलेलं डोकंसुद्धा तापायचं, आणि पाईनच्या फळ्या उन्हात वाळवलेल्या पापडासारख्या कोरड्या झालेल्या. मंडळानं खास सभा बोलावली. राजकुमार सरांनी चष्मा लावून फीलर गेज काढलं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या. सगळ्यात पातळ पट्टी ड्रॉवरच्या चारही बाजूंनी लावून पाहिली. कुठंच शिरली नाही. टाळ्या झाल्या. ड्रॉवर आत ढकलला की आतली हवा 'सुस्स' करून बाहेर यायची आणि तो स्वतःहून शेवटपर्यंत सरकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला साहेबराव तो आवाज ऐकवायचे. मंडळाचं पहिलंवहिलं प्रदर्शन जुलैअखेरच्या रविवारी ठरलं, कारण आता प्रदर्शनात ठेवायला काहीतरी होतं. एक ड्रॉवर आणि सात वह्या.

मुनीरभाईही एकदा येऊन पाहून गेले. त्यांनी लाकडावरून हात फिरवला, सांधे पाहिले आणि मनापासून म्हणाले, "हाथ अच्छा है, साब." मग सवयीनं खिशातली पत्रिका काढली, फटीला लावली, ती शिरली नाही. त्यांनी ती परत खिशात ठेवली. "मगर इसमें काम की चीज रखो नक्को."

साहेबरावांनी नेमकी कामाची चीज ठेवली. घरात सगळ्यात मोलाचं काय होतं, तर अमृताची कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जातवैधता प्रमाणपत्र. ते शेवटचं मिळवायला करुणावहिनींनी किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. साहेबरावांच्या आजोबांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधायला त्या एसटीनं गावाला तीनदा जाऊन आल्या होत्या. ही सगळी फाइल आजवर लोखंडी कपाटात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत असायची. जूनच्या सुरुवातीला साहेबरावांनी ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. "माझ्या पोरीचे कागद आता पिशवीत राहणार नायत," असं म्हणून ड्रॉवर लोटला. सुस्स. अमृतानं टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी साहेबराव मला फार आवडले होते, हेही सांगितलं पाहिजे.

जुलैत अमृताचा नंबर लागला. सरकारी कॉलेज, नर्सिंगची डिग्री, पहिल्या पसंतीचं. रविवारी यादी आली आणि गल्लीभर पेढे वाटले गेले. सोमवार ते बुधवार, संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. खासगी कॉलेजची फी या घराला झेपणारी नव्हती, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. अमृताला ही एकच संधी होती.

सोमवारी सकाळी तिनं ड्रॉवरची मूठ ओढली. आठ दिवस झड लागून राहिली होती. घरातलं मीठ ओलं, भिंती ओल्या, दोरीवरचे कपडे चार दिवसांचे ओले. ड्रॉवर हलला नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, करुणावहिनींनी तिला धरून ओढलं, आणि मूठ उपटून हातात आली. आता धरायला काहीच उरलं नाही. पुढची फळी पेटीत इतकी सपाट बसली होती की नखसुद्धा शिरत नव्हतं.

साहेबराव मुळीच घाबरले नाहीत. उलट मूठ निरखत म्हणाले, "बघ, किती फिट बसलाय." त्यांनी रजा टाकली, शेजारणीकडून केस वाळवायचं मशीन आणलं आणि दिवसभर पेटीला गरम हवा दिली. दर अर्ध्या तासानं ते व्हर्नियर लावत आणि आकडा वहीत मांडत. बाहेर पाऊस आणि आत वारा, त्यामुळं आकडा होता तिथंच राहिला. संध्याकाळी ते म्हणाले, "डेटा तर गोळा झाला."

मंगळवारी मंडळ आलं. अकराच्या अकरा. करुणावहिनींनी पोहे केले, आणि ते आम्ही खाल्ले, हे लिहितानाही मला लाज वाटते. राजकुमार सरांनी मोठा कागद अंथरला, माशाच्या काट्यासारखी आकृती काढली आणि कारणमीमांसा सुरू झाली. कंपनीत बिघाड झाला की आम्ही असंच करतो. एका काट्यावर 'मशीन', एकावर 'मटेरियल', एकावर 'मेथड', एकावर 'माणूस'. ड्रॉवर का अडकला? लाकूड फुगलं. का फुगलं? दमट हवा. हवा दमट का? पावसाळा. पावसाळा का, इथं सभा दहा मिनिटं अडली. 'माणूस' या काट्याखाली काही लिहू नये असं सर्वानुमते ठरलं. मी ते सुंदर अक्षरात लिहून काढलं. अमृता दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "काका, मग उघडायचा कसा?" राजकुमार सर म्हणाले, "आधी मूळ कारण, बेटा. उपाय हा त्यानंतरचा टप्पा असतो."

दुपारी करुणावहिनी कोणाला न विचारता मुनीरभाईंना घेऊन आल्या. त्यांनी पेटी उलटी करून पाठीमागच्या फळीवर बोटानं टकटक केलं. "पिच्छे की फळी काटना पडताय. पाच मिनट का काम है, साब."

"मग जोडता येईल?"

"जुडती, मगर निशान रहता."

साहेबरावांनी पेटी सरळ केली आणि तिच्यावर हात ठेवला. "रविवारी प्रदर्शन हाय," ते म्हणाले. "उद्या दुपारपातूर ऊन पडलं तर आपसूक सुटेल." मंडळानं माना हलवल्या. आम्हा दहा जणांकडं प्रदर्शनात ठेवायला दुसरं काही नव्हतंच. मुनीरभाईंनी करवत पिशवीत घातली. "कल खुलताबाद में काम है मेरा. आज बोले तो आज कर देता," एवढं ते दारातून म्हणाले. मंडळ पुन्हा काट्यांच्या आकृतीवर वाकलं. मीही वाकलो.

बुधवारी ऊन पडलं नाही. दुपारी दोनला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो तेव्हा खोलीत राजकुमार सर आणि मंडळाचे तिघे होते. सर मंडळाच्या लेटरहेडवर कॉलेजला विनंतीपत्र लिहीत होते, की सदर ड्रॉवर तांत्रिक कारणास्तव उघडत नसल्यानं मुदतवाढ मिळावी. करुणावहिनी स्वयंपाकघरातून आल्या त्या वरवंटा घेऊनच. नंतर त्या सांगत होत्या की हात उचललाच होता. पण अमृतानं तो धरला.

"मम्मी, थांब. पप्पांना फोडू दे."

तिनं वरवंटा आईच्या हातातून घेतला आणि वडिलांच्या हातात दिला. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, ती त्यांना मोठेपणाच देत होती. त्यांनी तीन वर्षं घालवलेली वस्तू दुसऱ्या कोणी फोडू नये एवढंच तिच्या मनात असणार.

साहेबरावांनी वरवंटा हातात तोलला. मग बाजूला ठेवला आणि पेन्सिल मागितली. कुठं मारलं असता कमीत कमी सांधे जातील ते पाहायचं होतं. त्यांनी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून पेटीच्या पाठीवर एक रेघ मारली. ती पुसली. दुसरी मारली. राजकुमार सर म्हणाले, "दोन मिलिमीटर डावीकडं घ्या, साहेबराव, तिथं लाकडाचा धागा सरळ आहे." अडीच वाजले. पावणेतीन झाले. करुणावहिनी दाराच्या चौकटीला टेकून नवऱ्याकडं बघत होत्या, आणि ती नजर माझ्यावर पडू नये म्हणून मी घड्याळाकडं बघत होतो. सव्वातीनला अमृता म्हणाली, "पप्पा, मारता ना?"

त्यांनी मान वर केली. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "बेटा, चारच दिवस राहिलेत प्रदर्शनाला. सरांचं पत्र घेऊन कॉलेजात एकदा बोलून बघू का? उद्यापातूर थांबतील की ते."

अमृता खाली बसली, वरवंटा उचलला आणि रेघ कुठं आहे ते न बघता मारला. पहिल्या घावाला साहेबराव ओरडले, "अगं हळू! सांधा हाय तिथं!" चौथ्याला पाठ फुटली. तिनं हात घालून फाइल ओढली, कोपर खरचटलं, रक्त आलं. ते तिनं ओढणीला पुसलं आणि मला म्हणाली, "गोकुळकाका, गाडी काढा."

झडीत आम्ही कसे पोचलो ते मला नीट आठवत नाही. फाइल तिनं रेनकोटच्या आत पोटाशी धरली होती. चार वाजून दहा मिनिटांनी रांगेत लागलो, पावणेपाचला नंबर आला. टेबलावरच्या बाईंनी एकेक मूळ कागद पाहिला, खुणा केल्या, शिक्का मारला. जागा पक्की झाली. मला तिथंच रडू आलं, आणि मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं. अमृता मात्र शिक्का वाळेपर्यंत फुंकर घालत होती.

मला वाटलं आता घरी जायचं. पण ती शेजारच्या खिडकीशी गेली आणि हॉस्टेलचा अर्ज मागितला. खिडकीतल्या माणसानं पत्ता पाहिला, म्हणाला, "गारखेड्यात राहता तर हॉस्टेल कशाला, ताई? गावातल्या मुलींचा नंबर शेवटी लागतो. कारण लिहावं लागंल." तिनं तिथल्याच बाकावर बसून अर्ज भरला. आलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढं सोडायची नाही ही माझी स्टोअरमधली सवय, म्हणून मी वाचलं. 'घरापासून अंतर' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, सात किलोमीटर. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'माझ्यामुळे वडिलांच्या कामात व्यत्यय येतो.' खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती.

वाटेत मी तिला दोनदा समजवायचा प्रयत्न केला. बाप वाईट नाही, म्हटलं, जन्मभर दुसऱ्याची वस्तू मोजली, पहिल्यांदा स्वतःची झाली होती. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "मला माहीत हाय, काका. म्हणून तर तीन दिवस वाट बघितली."

घरी मंडळ पांगलं होतं. साहेबराव जमिनीवर बसून फुटलेल्या फळीचे तुकडे एकमेकांना लावून बघत होते. आम्हाला पाहून उठले, आणि विचारलं, "झालं?" अमृतानं मान हलवली. "मला खात्रीच होती," ते म्हणाले, आणि खरोखर हसले. करुणावहिनींनी मुलीचं कोपर पाण्यानं धुतलं, हळद लावली. मग अमृतानं अर्ज वडिलांपुढं ठेवला. "इथं सही लागते, पप्पा."

सही करण्याआधी कागद पूर्ण वाचायचा ही त्यांची बावीस वर्षांची शिस्त आहे. त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं. पेन कारणाच्या रकान्यावर आलं तेव्हा थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस कागद फाडील, ओरडेल, रडेल, पोरीला जवळ घेईल, काहीतरी करील. पेन वर सरकलं.

"सात नाय," ते म्हणाले. "मी गाडीच्या मीटरवर मोजलंय. सहा पॉइंट चार हाय."

सातचा आकडा एका सरळ रेघेनं खोडून त्यांनी वर सहा पूर्णांक चार लिहिले, शेजारी आद्याक्षरं केली आणि खाली सही केली. कारणाला त्यांनी हात लावला नाही.